हंगामातला टायर

"हंगामात काय बदलायचं नाय, मिस्त्री," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. एक पाय पेडलवर, एक माझ्या दुकानाच्या पायरीवर ठेवून, खाली न उतरताच ते हे बोलत.

पेणला माझं सायकल दुरुस्तीचं दुकान, आणि ते गणपतीचे डोळे आखणारे. गणपतीआधीचे दोन महिने ते आतल्या गावातून सायकलने निघत, पेणवरून हमरापूरला जात आणि तिथल्या कारखान्यांतून डोळे आखत फिरत. त्या दोन महिन्यांत ब्रश तोच, बसायचा पाट तोच, शर्टही धुऊन धुऊन तोच. काही बदललं की हात बिथरतो, ही त्यांची पक्की समजूत. "हंगाम सरला की आधी तो शर्ट जाळते," असं त्यांची बायको, आमच्या काकी, दरवर्षी म्हणायच्या.

मला हसू यायचं. पण तुम्ही कधी त्या कारखान्यात उभे राहिला असाल तर तुम्हाला ठाऊक असेल. रंगवून झालेल्या मूर्ती ओळीने बसलेल्या, फक्त डोळे कोरे. रेघ केसाएवढी सरकली तरी देव तिरळा दिसतो. काका श्वास धरून ब्रश उचलायचे तेव्हा रंगकाम करणाऱ्या बायकाही बांगड्या वाजू नयेत म्हणून वर सारून ठेवायच्या. हमरापुरातल्या निम्म्या मूर्तींची नजर या माणसाच्या उजव्या मनगटात होती. आणि ते मनगट रोज महामार्गावर ट्रकला खेटून जायचं, माझ्या भरवशावर. मी मुळातच घाबरट, त्यात ही जबाबदारी.

एका वर्षी गणपतीला आठ दिवस उरले असताना ते सकाळी सायकल ढकलत आले. पुढच्या टायरच्या कडेला बोटभर चीर पडली होती आणि आतून ट्यूब डोकावत होती.

"काका, हा गेला. नवा टाकतो."

"गेटर टाका."

गेटर म्हणजे जुन्या टायरचा तुकडा, चिरेच्या आतून लावायचा. मागच्या चाकाला एक वेळ चालतो. पुढच्या चाकाला मी तो कधीच लावत नसे. फुटलं तर माणूस सरळ तोंडावर येतो, आणि पडताना आधी हातच पुढे जातो.

"काका, पडलात म्हणजे? मनगट मोडलं तर?"

"आणि हात बिथरला म्हणजे? आठ दिवसांनी लोक देव न्यायला येतील. त्यांना काय सांगू, टायर नवा हाय?"

वाद घालण्यात त्यांच्यापुढे माझा निभाव लागत नसे. मी गेटर टाकला. ते गेले. चाक दर फेऱ्याला उसळत होतं, ते मी वळणापर्यंत पाहत राहिलो.

त्यानंतर माझं कामात लक्ष लागेना. एका गिऱ्हाइकाची चेन उलटी चढवली. रस्त्यावर ब्रेक करकचला की मी मान वर करून बघायचो. शेवटी दुपारी दुकान बंद केलं, नवा टायर खांद्याला अडकवला, पंप कॅरिअरला बांधला आणि हमरापूर गाठलं.

ते आत पाटावर बसले होते, धडधाकट. बाहेर त्यांची सायकल भिंतीला टेकलेली, आणि चिरेपाशी टायर लिंबाएवढा फुगलेला. परतीच्या वाटेवर तो फुटणार, यात शंका नव्हती. मी आवाज न करता टायर बदलला. आणि मग मी अकलेचे तारे तोडले: ओळखू येऊ नये म्हणून अंगणातला चिखल नव्या टायरला फासला. ज्या माणसाला केसाएवढी रेघ दिसते, त्याच्यापासून मी अख्खा टायर लपवत होतो.

ते चहाला बाहेर आले आणि चाकाकडे बघून थांबले.

"मिस्त्री, खालच्या अंगाला चिखल फासायचा राहिला."

माझा चेहरा पडला. ते रागावले नाहीत, पण चहा न घेताच आत गेले. मी दारात उभा राहिलो. ब्रश रंगात बुडाला, मूर्तीपाशी गेला आणि तिथेच थांबला. मागे आला. पुन्हा गेला, पुन्हा मागे. माझ्या हातून फार मोठं पाप झालं, असं मला खरोखर वाटलं. हा हात पुन्हा बसलाच नाही तर त्या कोऱ्या डोळ्यांना मी काय उत्तर देणार होतो?

तिसऱ्या वेळी त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. मी नक्कीच रडवेला दिसत असणार. त्यांनी मान वळवली, श्वास धरला आणि रेघ मारली. एक डोळा, मग दुसरा. देव सरळ समोर बघत होता.

"आता चहा सांगा," ते म्हणाले.

पुढे बऱ्याच वर्षांनी ते थकले आणि रोह्याला लेकीकडे राहायला गेले. मी भेटायला गेलो तेव्हा खाटेवर उठून बसले आणि एकदम म्हणाले, "मिस्त्री, मला पण लय भीती वाटायची. पयला डोळा होईस्तोवर. रोज."

"मग कधी बोलला नाहीत?"

"त्या दिवशी वळून तुमचं तोंड बघितलं, तवा कळलं. माझ्या वाटणीचं तुमी घाबरत होतात. म्हटलं, मग आपण कशाला घाबरायचं? हात बसला. तिथून पुढं रोज आधी तुमचं तोंड बघूनच कामाला गेलो."

त्याच पावसाळ्यात ते गेले.

त्या वर्षीही गणपतीला आठ दिवस उरले होते. दुकानात गर्दी होती. सकाळपासून मी पंक्चर काढली, दोन टायर बदलले, एकही चूक केली नाही. महामार्गावर ट्रकचे ब्रेक करकचत होते, पण मी मान वर केली नाही. दुपारी हात धुताना माझ्या लक्षात आलं, आज मी एकदाही घाबरलो नव्हतो, आणि मी नळाखाली हात धरून तसाच रडत उभा राहिलो.