कवच गप्प होतं
शिमोनकाका गेल्याचा फोन काकींनी अश्दोदहून केला, तेव्हा मी परिषदेचा निबंध तपासत होतो... महिना होऊन गेला तरी हे लिहायला हात धजत नव्हता.

काका ठाण्याचे बेने इस्रायली ज्यू. तिथे दवाखान्यात एक्स-रेच्या फिल्म धुवायचे. इथे इस्रायलमध्ये दोन बस बदलून पेताह तिक्वाला आमच्या प्रयोगशाळेत उपग्रहाचा डेटा चाळायला यायचे. आकाशातला क्ष-किरण उपकरणाच्या तोंडातून शिरतो, त्याची नोंद फक्त आत होते. भरकटलेला कण मात्र बाहेरचं कवच भेदून येतो, म्हणून कवचात आणि आत एकाच क्षणी नोंद उमटते. काका दोन्ही नोंदींच्या कागदी पट्ट्या खिडकीच्या काचेवर एकावर एक धरायचे. शिखरं जुळली की म्हणायचे, "चोर भिंत फोडून आला रे!" कॉम्प्युटर असताना हा खटाटोप कशाला, म्हणून मी त्यांची टर उडवायचो. पुण्याची डॉक्टरेट डोक्यात गेली होती माझ्या.

दोन वर्षांपूर्वी त्यांनी एक शिखर दाखवलं. "कवच गप्प हाय. नवीन काहीतरी गावलंय. जरा निवांत बघ." उपग्रह तेव्हा पृथ्वीभोवतीच्या कणांच्या पट्ट्याच्या काठावर होता, आणि तिथे भरकटलेले कण फार म्हणून काठावरची मिनिटं आम्ही सरसकट टाकून देत असू. दुसऱ्या दिवशी मी सांगितलं, "बघितलं काका. कणच आहेत." फाईल उघडलीसुद्धा नव्हती मी... "बेसेदेर, बरं. तू म्हणतोस तर ठीक," म्हणून त्यांनी पट्ट्या ड्रॉवरमध्ये ठेवल्या. त्यानंतर ते साधी साधी शिखरंही मला विचारायला आणू लागले. मला वाटलं, म्हाताऱ्याला अखेर माझी किंमत कळली.

ते गेल्यावर ड्रॉवर रिकामा करताना त्या पट्ट्या हाती लागल्या. तीन दिवस बसून तपासलं. कवच खरंच गप्प होतं, आणि पुढच्या दोन निरीक्षणांत आकाशाच्या त्याच जागेवरून तसंच शिखर आलं होतं. आता निबंधावर त्यांचं नाव पहिलं घालीन, पण दाखवू कुणाला? स्वतःची इतकी किळस मला कधी आली नव्हती.

अश्दोदला जाऊन काकींना सगळं सांगितलं, माझं खोटंही. त्यांनी एवढंच विचारलं,

"म्हणजे ह्यांची नजर चांगली होती?"

"नजरेचं काय, काकी?"

"दोन वर्सं सांगत होते, माझी नजर गेली म्हणून. डॉक्टर म्हणाला, डोळ्यांना काय झालेलं नाय. ह्यांना पटलंच नाय. म्हणायचे, तो पोरगा हुशार हाय, बघितल्याशिवाय बोलायचा नाय."