बेचाळीस नंबरची हजेरी

उल्हासनगरच्या आमच्या कॉलेजाचा जुना भाग लष्करी छावणीच्या बराकीत भरायचा. फाळणीनंतर आलेल्या लोकांनी याच बराकींत संसार मांडले आणि सावरल्यावर कॉलेज काढलं, असं ऑफिसातल्या एका जुन्या फोटोखाली लिहिलेलं होतं. तेवढा इतिहास आम्ही फीच्या रांगेत उभ्या उभ्या वाचायचो. बाकी वेळ आम्हाला उद्योग भरपूर.

ऐंशीच्या दशकाचा शेवट होता. एस.वाय.ला आमच्या वर्गात रोल नंबर बेचाळीस म्हणजे बारवी धरणाकडच्या पाड्यावरची एक मुलगी. कॉलेजात पोचलेली घरातली पहिलीच. जूनमध्ये आठवडाभर आली आणि मग अंबरनाथच्या एमआयडीसीत औषधाच्या गोळ्यांच्या कंपनीत पॅकिंगला लागली. पहिली पाळी, म्हणजे नेमकी आमच्या तासांची वेळ. हजेरी कमी भरली तर परीक्षेचा फॉर्म मिळत नसे, आणि फॉर्म नाही मिळाला तर घरचे तिचं लग्न उरकायला टपलेलेच होते.

"टेन्शन कशाला घेते? हम हैं ना," कॅम्प पाच वस्तीतली माझी सिंधी मैत्रीण तिला म्हणाली, आणि आम्ही चौघी मैत्रिणींनी विडा उचलला.

वर्गाची हजेरी अर्थशास्त्राचे सर घ्यायचे, आणि ते पटातून मान वर काढत नसत. बेचाळीस म्हटलं की आमच्यापैकी एक "येस सर" म्हणायची. आम्ही पाळ्या लावल्या होत्या, वेळापत्रक माझ्याकडे. कुणाचा आवाज घोगरा, कुणाचा नाकातला. सिंधी मैत्रीण एकदा तंद्रीत "हाजिर साईं" म्हणून गेली, तेव्हा हसू दाबायला मी अख्खा रुमाल तोंडात कोंबला. बेचाळीसची कंपनीतली पाळी सुटली की मी गेटवर तिला वह्या पोचवायचे. माझी स्वतःची हजेरी जेमतेम काठावर होती, पण बेचाळीसच्या बाबतीत मी फार कडक होते.

इतकी कडक, की फेब्रुवारीत नोटीस लागली: वर्षभर पूर्ण हजेरीचं बक्षीस, रोल नंबर बेचाळीस. एखाद दिवस तिला गैरहजर ठेवावं, हे चौघींपैकी एकीच्याही टाळक्यात आलं नव्हतं. आता गॅदरिंगला तिला स्टेजवर जावं लागणार आणि सर तिचा चेहरा बघणार. फॉर्मवर सही त्यांचीच व्हायची होती.

ती अर्धा दिवस सुट्टी काढून कंपनीतून थेट आली, बाहीवर गोळ्यांची पांढरी पूड. आम्ही चौघी स्वयंसेविका म्हणून हॉलच्या चार कोपऱ्यांत उभ्या होतो. सरांनी माइकवर बेचाळीस म्हटलं. ती उठायच्या आतच चार कोपऱ्यांतून आम्ही चौघी सवयीने एकदम म्हणालो, "येस सर."

अख्खा हॉल हसत सुटला. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. ती मात्र उठली आणि चालत स्टेजवर गेली. सरांनी चष्मा वर करून तिला नीट पाहिलं, बाहीवरची पूड पाहिली, हातात कप दिला आणि हळूच काहीतरी बोलले. खाली आल्यावर तिने आम्हाला सांगितलं. सर म्हणाले होते, "उद्या फॉर्म आण, सही करतो. परीक्षेला मात्र तूच बस."

त्या दिवशी आम्ही पाचजणी स्टेशनपर्यंत अक्षरशः नाचत गेलो. कप आळीपाळीने डोक्यावर होता.

पहिल्या पेपरला सरांनी बेचाळीस नंबर पुकारला तेव्हा माझ्या ओठांवर "येस सर" आलंच होतं. तेवढ्यात मागच्या बाकावरून आवाज आला, "आहे सर." चांगला खणखणीत आवाज होता. वर्षभरात आम्हा चौघींपैकी एकीलाही तो जमला नव्हता.