ट्रकची ट्यूब आणि सासूबाईंचा डोंगा

मी तलावात पडलो तेव्हा वारा नव्हता, पाणी शांत होतं, डोंगा मजबूत होता आणि तो चालवणारी बाई चाळीस वर्षं त्याच तलावात मासे धरत आली होती. त्यामुळे दोष कोणाला द्यायचा, यावर फारशी चर्चा झाली नाही.

ती बाई म्हणजे माझ्या सासूबाई. (आम्ही सासूला मामी म्हणतो.) माझं लाखनीला हायवेवर पंक्चरचं दुकान, घरची धानाची शेती. पाण्याशी माझा संबंध भाताच्या बांधीतल्या घोटाभर पाण्यापुरता. बायकोचं, म्हणजे सुनंदाचं, माहेर मात्र तलावाच्या पाळीला, म्हणजे बांधाला, लागून. आमची पिंकी सुट्टीत तिथं आजीकडून पोहायला शिकली, तेव्हा मी सुनंदावर चांगलाच चिडलो होतो.

"पोरगी शाळा शिकून राहिली. तिले पोहणं कायले पाहिजे?"

"तुमाले येत नाही म्हणून तिनंबी शिकू नोको का?" ती म्हणाली. 

संक्रांतीला सासुरवाडीला जायचं ठरलं. तलावावर दूरदेशची बदकं उतरली होती आणि मामी ती डोंग्यातून दाखवणार होत्या. पिंकी म्हणाली, "बाबा, तुमीबी चाला." आठवीतल्या पोरीसमोर भीती वाटते म्हणवेना. पण मी सावध माणूस. दुकानातली ट्रकची ट्यूब ठासून हवा भरून सोबत घेतली.

पाळीवर मी ती कमरेला चढवली, तशा मामी थबकल्या.

"जवाईबापू, हे इथंच ठेवा जी."

"मामी, पहिले सुरक्षा."

जावयाला दुसऱ्यांदा टोकायचं कसं, म्हणून त्यांनी डोंगा ढकलायचा बांबू उचलला. डोंगा अरुंद, ट्यूब रुंद. मी आत बसलो तेव्हा ती दोन्ही काठांवर टेकली आणि मी मधे भांड्यात अडकलेल्या बोक्यासारखा दिसू लागलो. (ही उपमा सुनंदाची. ती पाळीवर उभी राहून सगळं बघत होती.)

तलावाच्या मध्यावर ट्यूबचा पितळी वॉल्व्ह माझ्या बरगडीत रुतायला लागला. ट्यूब जराशी फिरवावी म्हणून मी उठलो.

"बाबा, उठू नका," पिंकी म्हणाली.

"उठून नाही राहिलो. फक्त उभा होऊन राहिलो."

एवढं बोलेपर्यंत मी पाण्यात होतो. मामी आणि पिंकी झटकन खाली वाकल्या, म्हणून डोंगा सावरला. ट्यूब सरकून माझ्या काखेत आली आणि माझे दोन्ही हात वर झाले. बदकं एकदम उडाली. ती मला फार जवळून बघायला मिळाली. मग कानाजवळ बारीक आवाज यायला लागला. हवा सुटत होती. ते पंक्चर मी स्वतः, स्वतःच्या हातानं काढलेलं होतं!

खरं सांगतो, तेव्हा मात्र मी घाबरलो. तेवढ्यात पिंकीनं उडी मारली. मागून येऊन तिनं ट्यूब धरली.

"बाबा, पाय मारा."

"मारूनच राहिलो ना."

"मंग तोंड बंद ठेवा. पाणी जाते."

आजवर मला इतक्या शांतपणे कोणी गप्प केलं नव्हतं. ती मला ओढत होती, मामी बांबू पुढे करून डोंगा जवळ आणत होत्या. बांबू हाताला लागला तेव्हा ट्यूब पार चपटी झाली होती. काठावर सुनंदानं आधी पोरीला पदरानं पुसलं, मग माझ्याकडे वळली.

"आता सांगा, पोहणं कायले पाहिजे?"

मी चपट्या ट्यूबवरचं पाणी झटकायला लागलो. दात वाजत होते.

दुसऱ्या दिवशी पिंकी वही घेऊन पाळीवरच्या, मासे धरणाऱ्या म्हाताऱ्या ढिवरांकडे गेली. डोंग्यातली माणसं कोणत्या मोसमात कशानं पाण्यात पडतात, हे तिला शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी लिहायचं होतं. पावसाळ्यात वाऱ्यानं, ते म्हणाले. दिवाळीत तलाव भरलेला असते अन् पावने दाटीनं बसतात. उन्हाळ्यात पाणी उतरलं का डोंगा बुडलेल्या खुंटावर आदळते.

"अन् हिवाळ्यात?"

"हिवाळ्यात काही होत नाही, पोरी."

"यंदा झालं," मामी जाळं विणता विणता म्हणाल्या.

तालुक्याच्या प्रदर्शनात पिंकीचा तक्ता पहिला आला. परीक्षक गुरुजींनी चष्मा सावरून हिवाळ्याच्या रकान्यातलं कारण मोठ्यानं वाचलं, "ट्यूब घालून उभा राहिलेला एक पाहुणा." हा कोण, असं त्यांनी विचारलं. पिंकी माझ्याकडे न बघता म्हणाली, "होते एक जण, सर."

पण माझी छाती इतकी फुगली होती की मला राहवेना. शर्ट नीट करून मी पुढे झालो. "तो मीच, सर. अन् मले काढणारी हे पोरगी. माझीच हाय."

पोरीनं मोठ्या मनानं तक्त्यात बापाचं नाव लिहिलं नव्हतं. संध्याकाळपर्यंत ते अख्ख्या तालुक्याला मी स्वतःच सांगून मोकळा झालो.