चुकणाऱ्याची पट्टी

मला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही. पण शेजारच्या निशिकांत राजवाडेंचं वेड मी वर्षानुवर्षं पाहिलं. दिवसभर सिंगापूरच्या जुरोंग आयलंडवर केमिकल प्लांटमध्ये इंजिनिअर, आणि कंपनीच्या बसमधून उतरले की थेट एका कॉलेजचं मैदान. तिथे ते पोरांना फुटबॉल शिकवायचे, तेही बिनपगारी. त्यांची बायको साधना म्हणायची, "अगं, माझी सवत गोल आहे, हवा भरलेली."

चूक लपवली की स्फोट होतो, हे ते प्लांटवर शिकले होते. म्हणून मैदानावर त्यांचा एक चमत्कारिक नियम होता. ज्याच्या चुकीने सामना गेला, पुढच्या सामन्यात कॅप्टन तोच. कॅप्टनची पट्टी त्याच्याच दंडावर. सुरुवातीला पोरं लाजेने अर्धमेली व्हायची. पण चुकलेल्या पोरावर संघ सांभाळायची वेळ आली की ते दुसऱ्याच्या चुकीवर ओरडायचं विसरायचं. त्यांच्या हाताखालची मुलं आज बँकांत, हॉस्पिटलांत माणसं सांभाळतात ती याच पद्धतीने.

गेल्या मार्चमध्ये राजवाडे सर सरावातच छातीला हात लावून कोसळले. हृदयाला झटका देणारं यंत्र आणायला हाझिक नावाचा गोलकीपर धावला, तो जिमकडे. जिमची रंगरंगोटी चालू असल्याने यंत्र कँटीनमध्ये हलवलं होतं. सरांनी सगळ्यांना नेऊन दाखवलंही होतं. पण घाबरलेल्या पोराने जुनाच रस्ता धरला. यंत्र आलं तोवर उशीर झाला होता. वेळेवर आलं असतं तर? डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही. ते वाक्य साधनाच्या घरात राहायलाच आलं.

संध्याकाळी बाहेरच्या जाळीच्या दाराची कडी वाजली की ती उठून बघते. कोणी नसतं. मैदानावरही तेच. पास चुकला की पोरं अजून सरांच्या रिकाम्या खुर्चीकडे बघतात. अनिमेष, सरांचा जुना कॅप्टन आणि आताचा कोच, ती खुर्ची कुणाला हलवू देत नाही. हाझिकने खेळणं सोडलं. पण सराव चालू असताना तो यायचा, आणि मैदानापासून कँटीनपर्यंत धावत सुटायचा, पुन्हा पुन्हा. ते ऐकूनच माझ्या अंगावर काटा आला.

एक दिवस अनिमेष साधनाकडे आला. मी तिथेच होते.

"काकू, शनिवारी मॅच आहे. सरांच्या रूलने कॅप्टन हाझिक. पण तो पट्टी घेत नाही."

"मग मी काय करू?"

"चुकीमुळे ज्याचं नुकसान झालं, त्यानेच पट्टी बांधायची असते. सर तर..." तो अडखळला. "आता तुम्हीच आहात, काकू."

साधना भडकली. "माझा नवरा गेलाय, अनिमेष. मॅच नाही हरले मी."

मलाही संताप आला. गेलेल्या माणसाचे नियम जिवंत बाईच्या डोक्यावर कशाला? मी त्याला चहा न विचारताच वाटेला लावलं.

शनिवारी साधनानेच माझं दार वाजवलं. "चल. एकटीने जमणार नाही मला."

मैदानावर अनिमेषने हाझिकला जर्सी घालायला लावली होती, पण तो रेषेबाहेरच उभा होता. साधना सरळ त्याच्यापुढे गेली.

"आंटी, आय रॅन," तो म्हणाला. "रियली रॅन. रॉंग वे."

साधना त्याच्याशी इंग्रजीतच बोलली, एकेक शब्द तोलून. "माफ केलंय असं खोटं मी बोलणार नाही. रोज तुझा राग येतो मला. हात पुढे कर."

त्याने हात पुढे केला. तिने पट्टी चढवली, पण पोर इतकं वाळलं होतं की ती कोपरापर्यंत घसरली. साधनाने ती वर ओढली आणि दंडावर हाताने घट्ट धरून ठेवली. दोघंही रडत होती. रेफरीने शिट्टी वाजवली, तरी ती हात सोडेना. मीही सोडवायला गेले नाही.