पुलाच्या कठड्याला सायकल

परदेशात प्रेमात पडलेली जोडपी नदीच्या पुलाला कुलूप लावतात आणि किल्ली पाण्यात टाकतात, असं नात परवा सांगत होती. मला टाकव्याच्या वाटेवरचा पूल आठवला.

मी तेव्हा आंदर मावळातल्या एका शाळेत शिकवत होते. कान्ह्याहून पायी जायचं, मध्ये इंद्रायणीवरचा पूल. आमचं घर छप्पन्न साली बौद्ध झालेलं. माझं मन जडलं तो डोंगरातल्या एका वाडीतला, दुसऱ्या जातीचा, लोणावळ्याला रेल्वेत कामाला. दोन्ही घरांत कुणाला सांगायची सोय नव्हती. म्हणून आम्ही खूण ठरवली होती. पुलाच्या लोखंडी कठड्याला त्याची सायकल साखळीनं बांधून कुलूप घातलेलं दिसलं, की तो खाली खडकांवर बसलाय. शाळेतून परतताना मी आजूबाजूला बघून उतरायचे. सायकल नसली, की सरळ घरी.

भादव्यातली गोष्ट. वरच्या खोऱ्यात पाऊस लागून राहिला होता. संध्याकाळी परतताना सायकल दिसली. खाली उतरले तर आमचे खडक पाण्याखाली गेलेले, आणि तो नाही. हाक मारावी तर त्याचं नाव मी कधी मोठ्यानं घेतलंच नव्हतं. अंधारून आलं तशी निघाले. कुणी भेटलं असेल, जवळच गेला असेल, असं स्वतःला सांगत होते. आईनं वाढलेली भाकरी तशीच झाकून ठेवली.

सकाळी सायकल तिथंच. भोवती चार-पाच माणसं.

"कुनाची हाय?"

"रातभर हितंच हाय म्हनं. कोन पान्यात तर न्हाई गेलं?"

"आसंल कुनाची तरी," म्हणून ओळखीचे एक आबा निघाले. बाकीचेही पांगायला लागले.

ही माणसं गेली तर त्याला कुणीच शोधणार नव्हतं. आणि मी बोलले तर दिवस मावळायच्या आत वडिलांच्या कानावर जाणार.

"आबा, थांबा," मी म्हटलं. "ज्याची सायकल आहे तो खाली खडकावर बसतो."

"तुला काय ठावं, बाई?"

"मी भेटायला येते त्याला."

मग आबांनी दोघांना दोर आणायला पिटाळलं आणि माणसं काठाकाठानं खालच्या अंगाला निघाली. मी पुलावरच उभी. वाहत येणारा प्रत्येक ओंडका मला माणूस वाटत होता.

दुपारी तो कान्ह्याच्या बाजूनं चालत आला. आदल्या दिवशी वाडीतली माणसं त्याच्या आजारी आईला डोलीत घालून पुलावरून नेत होती. ते पाहून तो धावत वर आला आणि तसाच तिच्याबरोबर तळेगावच्या दवाखान्यात गेला. सायकलीचं भान राहिलं नव्हतं. एवढी माणसं आपल्यालाच शोधतायत, हे त्याला कळेना.

"ही म्हनती, तुला भेटाया येती," आबा म्हणाले. "खरं हाय का?"

तो माझ्याकडं बघत राहिला. तेवढा वेळ मला पुरापेक्षा तो काय म्हणेल याची भीती वाटली.

"व्हय," तो म्हणाला.

वडिलांनी माझ्याशी बोलणं टाकलं ते कितीतरी दिवस. लग्न पुढच्या वर्षी झालं, मोजक्या माणसांत. वाडीतलं कुणी आलं नाही, एक त्याची आई सोडून. ती माझ्याशेजारी येऊन बसली.

"म्या आजारी पडले म्हनून तुमचं समदं भाईर आलं," ती म्हणाली. "न्हाईतर आजून किती दिस लपवलं असतं?"

तिला नीट टेकता येत नव्हतं, म्हणून मी तिच्या पाठीशी उशी सरकवली.