पाठीतल्या दोन सळ्या आणि सबिनामावशी

माझ्या पाठीत स्टीलच्या दोन सळ्या आहेत. ज्या बाईमुळे त्या वेळेत बसल्या, ती आज पहाटे गेली.

सबिनामावशी. वसईतल्या पापडीची. लेडीज टेलर.

आपल्या या मेलिंग लिस्टवरच्या कितीतरी वसईकरांनी तिच्या हातचे फ्रॉक घातले असतील. आम्ही कोकणातून आलेले बिल्डिंगवाले, पण माझा शाळेचा युनिफॉर्म तिच्याकडेच.

नव्वदीच्या दशकातली गोष्ट. मी सहावीत होते. माप घेता घेता मावशी थांबली.

"वहिनी, हिचा डावा खांदा उतरलाय."

"दप्तर एकाच खांद्यावर घेते ना! किती डोकं फोडलं," आई म्हणाली. "तुम्ही आत थोडं पॅड भरा. मुलीची जात, चारचौघात दिसायला नको."

मावशीने पॅड भरलं. कुणाला काही कळलं नाही. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

सातवीत पुन्हा नवा युनिफॉर्म. खाली पडलेली टाचणी उचलायला मी वाकले आणि मागून मावशी ओरडली, "अरे देवा!"

माझ्या उजव्या बाजूच्या बरगड्या पाठीवर उंच आल्या होत्या. मला दिसत नव्हतं. आईचा चेहरा तेवढा दिसला.

"पॅड जरा मोठं..." आई म्हणायला लागली.

"नाही वहिनी. आता एक टाकासुद्धा घालणार नाही. डॉक्टरला दाखवा. मी येते सोबत."

आणि आली. दुकान बंद ठेवून, मुंबईच्या हॉस्पिटलात.

एक्स-रे लावला तेव्हा मला वाटलं दुसऱ्या कुणाचा तरी आहे. विज्ञानाच्या पुस्तकातला पाठीचा कणा कसा ताठ सरळ. माझा इंग्रजी एससारखा, मणके एका बाजूला पिळत गेलेले.

"कधीपासून आहे?"

"दोनेक महिने," आई म्हणाली.

मावशीने पिशवीतून मापांची वही काढली. दोन्ही खांद्यांपासून कमरेपर्यंतची माझी मापं, सहावीची आणि सातवीची. तेव्हा फरक अर्धा इंच. आता दीड.

डॉक्टरांनी दोन्ही वर्षांची मापं ताडून पाहिली. मग म्हणाले, वाढीचं वय आहे, उंची वाढेल तसा बाक वाढणार. पुढे फुप्फुसाला जागा उरणार नाही. ऑपरेशन, आणि लवकर.

मी त्या वहीचा इतका राग केला, काय सांगू.

पण खरी भीती पुढे होती.

सळ्या लावून कणा ताणतात. आतल्या मज्जारज्जूला धक्का लागला तर पाय जातात. म्हणून ऑपरेशन चालू असतानाच तुला अर्धवट जागं करू, डॉक्टर म्हणाले, आणि पाय हलवायला सांगू. दुखणार नाही. बहुतेक आठवणारही नाही.

बहुतेक!

बारा वर्षांची मुलगी. पाठ उघडी. आणि जागी.

जेवण सुटलं माझं. अंथरुणात पडल्या पडल्या पायाची बोटं हलवून बघायचे, दहादा, वीसदा. ऐकू आलं आणि पायांनी ऐकलंच नाही तर? बाबा "काही होत नाही गं" म्हणायचे आणि बाल्कनीत जाऊन उभे राहायचे.

मावशीने "काही होत नाही" असं कधीच म्हटलं नाही.

तिने मला शिलाई मशीनवर बसवलं. पट्टा काढून टाकला, म्हणजे सुई हलायला नको. पाय खालच्या पेडलवर.

"डोळे मीट, बाय. मी 'चालव' म्हटलं की पाय. विचार करायचा नाही."

रोज. शाळा सुटली की तासभर. मध्येच गिऱ्हाइकाशी बोलता बोलता, "चालव!" मध्येच रोझरी म्हणता म्हणता, "चालव!" एकदा मला तिथेच डुलकी लागली, तरी सोडलं नाही.

"तुझं डोकं झोपलं तर झोपू दे. पाय झोपता कामा नयेत."

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी ती डॉक्टरांना म्हणाली, "हिला नुसतं 'चालव' म्हणा." ते हसले. आई शरमली.

मला खरंच काही आठवत नाही. नंतर डॉक्टरांनीच सांगितलं. नावाने हाक मारली, काही नाही. "पाय हलव" म्हटलं, काही नाही. पुन्हा म्हटलं, तरी काही नाही. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. सळ्या सैल कराव्यात का, असा विचार सुरू झाला.

मग त्यांना आठवलं.

"चालव!"

दोन्ही पाय. टाच, चवडा, टाच, चवडा. थांबेचनात, म्हणे.

आज माझी मुलगी बारा वर्षांची आहे. दर महिन्याला तिला वाकायला लावते आणि पाठीवरून बोटं फिरवते. ती वैतागते. माझे हात गार पडलेले असतात.

गेल्या महिन्यात मावशीला भेटायला गेले होते. तिचं माकडहाड मोडलेलं, हाडं पार ठिसूळ झालेली, कूससुद्धा बदलता येत नव्हती. माझा हात धरून म्हणाली, "मी ते पॅड भरलं नसतं तर वर्ष वाया गेलं नसतं तुझं. ऑपरेशन न करता, पाठीला नुसता पट्टा बांधून भागलं असतं कदाचित. रागावलीस का गं कधी?"

"छे गं मावशी! काहीतरीच!"

घाबरले मी. अशा अवस्थेतल्या माणसाला खरं कसं सांगायचं?

चारला पापडीच्या चर्चमध्ये मिस्सा आहे, नंतर दफन. ज्यांना जमेल त्यांनी या.

राग होता, मावशी. तुझ्यावर होता, आईवर होता. पुष्कळ वर्षं होता. आता शोधूनही सापडत नाही.

हे तुला तोंडावर सांगायला हवं होतं.

नीज आता निवांत.