शेवंतीची रात्र

सुमनताई सप्टेंबरातल्या एका शनिवारी सकाळी बदलापूरला, कुळगावातल्या राहत्या घरी वारल्या. हृदयविकार. उल्हासनगरच्या एका कॉलेजात त्या वनस्पतिशास्त्र शिकवत. मी त्यांचा मावसभाऊ.

घरामागे पिवळ्या शेवंतीचे दोन वाफे. रोपं त्यांच्या आईची, अंबरनाथच्या माहेराहून आणलेली. लक्ष्मीपूजनाला अख्ख्या आळीत हीच फुलं जात. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी कुंपणापलीकडे सोसायटी उभी राहिली आणि गेटवर मोठा दिवा लागला, तोंड थेट वाफ्यांकडे. त्या वर्षी झाडं उंच झाली, हिरवीगार झाली, पण कळी धरली नाही. शेवंतीला कळीसाठी लांब, सलग रात्र लागते. रात्रभर उजेड असला की तिच्या लेखी उन्हाळा संपतच नाही.

ताई सोसायटीच्या मीटिंगला गेल्या. मी सोबत होतो.

"मॅडम, सगळी दुनिया लाईट मागते. तुम्ही अंधार मागताय?" सेक्रेटरी म्हणाले.

"दिवा राहू द्या. त्याला फक्त पत्र्याची टोपी बसवा, उजेड तुमच्याच गेटवर पडेल."

"आणि चोर आला तर? तुमची फुलं धरणार त्याला?"

लोक हसले. एक पत्र्याचा तुकडा, एवढंच मागणं होतं... पुढे दरवर्षी ते हसण्यावारीच गेलं.

मग ताईंनी उल्हासनगरच्या कॅम्प तीनमधल्या जीन्सच्या कारखान्यातून डेनिमचे उरलेले तुकडे आणले आणि तिथल्याच कारागिराकडून जोडून घेतले. "मॅडम, पँट बनानी है के तंबू?" त्याने विचारलं. "रात बनानी है," ताई म्हणाल्या. ऑगस्टपासून रोज तिन्हीसांजेला त्या वाफ्यांवर बांबूंच्या आधाराने या चादरी टाकत आणि सकाळी काढत. डॉक्टरांनी वाकायला मनाई केली होती. "मग दिव्याला सांग ना वाकायला," मला म्हणाल्या. फुलं पुन्हा आली. आळीबरोबर सेक्रेटरींच्या घरीही गेली. त्यांनी ती घेतली.

त्या गेल्यावर दिवसकार्याच्या गडबडीत वाफे उघडेच राहिले. नंतर मी झाकायला गेलो तेव्हा चादरी जागेवर नव्हत्या. सोसायटीच्या फळ्यावर मात्र काळ्या चौकटीत मजकूर होता: 'निसर्गप्रेमी सुमनताईंना भावपूर्ण श्रद्धांजली.' खाली सेक्रेटरींची सही.

लक्ष्मीपूजन झालं. दोन्ही वाफ्यांत एकही कळी नाही. गेटवरच्या दिव्याला टोपी नाही. त्याच्याखाली सेक्रेटरींची स्कूटर उभी असते. तिच्यावर डेनिमची चादर आहे.